कदंबाचं तिकीट पुरावा म्हणून पाठवणाऱ्या मुलीस

पत्र: "ताई, मी सत्तरी तालुक्यातली. पणजीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभर मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, शनिवारी घरी जाते. दीड वर्ष झालं, आमच्याच कॉलेजमधल्या एका मुलावर प्रेम आहे. तो हुशार आहे, त्याने कधी हात उगारला नाही. पण मी कुठे आहे ते त्याला सतत कळायला हवं असतं. लाईव्ह लोकेशन आठ तासांचं लावते, संपलं की परत लावते. वाळपईच्या पुढे आमच्या गावच्या वाटेवर रेंज जाते, तेव्हा मीच बंद केलं असं तो समजतो. म्हणून हल्ली कदंबा बसच्या तिकिटाचा फोटो पाठवते, वेळ दिसेल असा. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या लॅपटॉपवर उघडं असतं. त्यावरूनच त्याने मला प्रोजेक्टच्या ग्रूपमधून बाहेर काढलं, कारण त्यात दोन मुलगे होते. गणेशचवथीला आरती चालू होती, घुमट वाद्यांच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही, तर त्याने माझ्या चुलतभावाला फोन लावला. रात्री व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला लावतो. मी त्याला काही फोटो पाठवले होते, तसले. सोडण्याचं नुसतं नाव काढलं तर म्हणतो, 'तू गेलीस तर माझ्या हातून काय होईल ते मलाच माहीत नाही.' घरी कळलं तर शिक्षण बंद. माझंच काही चुकतंय का? आज रात्री त्याला सगळीकडून ब्लॉक करू का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू. आज रात्री ब्लॉक करू नकोस. ते करायचं आहेच, पण त्याआधी काही कामं उरकावी लागतील आणि त्यांचा क्रम चुकवून चालणार नाही.

तुला मेलवर उत्तर पाठवलं नाही, कारण ताजा कलम म्हणून तू सहज लिहिलंयस की नवा फोन घेतला तेव्हा जीमेल त्यानेच चालू करून दिलं. म्हणजे तो पासवर्ड त्याला ठाऊक आहे असंच धरून चालू. म्हणून इथे छापते आहे. तुझ्या पत्रातल्या दोन-चार खुणा बदलल्या आहेत. तुझं तुला ओळखू येईल, इतरांना येऊ नये. त्याच्या वाचनात हे सदर आलं तर येऊ दे. खाली कायद्याची कलमं आहेत, ती त्यालाही कळलेली बरी.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य तिकिटाचं आहे. तिकीट बघून तो निवांत झाला का? झाला असता तर पुढच्या शनिवारी परत मागितलं नसतं. लोकेशन मागितलं, तू दिलंस. पासवर्ड मागितला, दिलास. व्हॉट्सअ‍ॅप उघडून दिलंस. आता रात्री अकराला फोन फिरवून खाटेखालची जागासुद्धा दाखवत असशील. दर खेपेला वाटलं असेल की एवढं केलं की तो शांत होईल. दीड वर्षात तुझं देणं वाढत गेलं आणि त्याची शंका होती तेवढीच राहिली. उद्या तुझ्या दारात मोबाईलचा टॉवर उभा राहिला (आणि आपल्याकडे एखाद्या गावात टॉवर उभा करायचा म्हणजे किती ग्रामसभा गाजतात ते गोंयकाराला सांगायला नको) तरी तो दुसरं काहीतरी काढेल. फुल रेंज असताना उशिरा का उचललास, असं विचारेल. तेव्हा तुझं काय चुकतंय ते शोधत बसू नकोस. या परीक्षेत पास होण्याची सोयच ठेवलेली नाही.

"त्याने कधी हात उगारला नाही" हे तू त्याच्या बाजूने लिहिलंयस. आपल्याकडे गालावर वळ दिसल्याशिवाय त्रासाला त्रास म्हणत नाहीत, त्यामुळे तुझाही हिशेब तसाच झाला. पण बघ काय झालंय. त्याने तुझ्या खात्यावरून, तुझ्या नावाने तुला ग्रूपबाहेर काढलं. प्रोजेक्टचे मार्क तुझे जातील आणि ती दोन मुलं तुला आगाऊ समजतील. त्याचं नाव कुठेच येणार नाही. चुलतभावाला फोन लावला तेव्हा चवथीच्या दिवशी सगळं घर गणपतीच्या माटोळीखाली जमलेलं होतं. तो तू सुखरूप आहेस का ते विचारत नव्हता. तुझ्या घरापर्यंत त्याचा हात पोचतो, हे त्याने तुला दाखवून दिलं. भावाला तू नंतर काय थाप मारलीस ते लिहिलं नाहीस, पण मारली असणार. अशा थापांची ओझी वाढत जातात आणि मग माणूस कोणाला काही सांगण्याच्या लायकीचा आपण उरलो नाही असं समजू लागतो.

कायद्याला हे कळतं का? बऱ्यापैकी कळतं. 2005 चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुझ्या कामाचा नाही, तो एका घरात राहिलेल्यांसाठी आहे. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाचं आहे आणि त्यात रस्त्यावरचा पाठलाग तेवढाच येत नाही. एखादी स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा दुसरं इलेक्ट्रॉनिक साधन कसं वापरते यावर नजर ठेवणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तिने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हेही त्यातच येतं. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच. तुझा पासवर्ड वापरून तुझ्या नावाने वागणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी लागू होऊ शकतं. पासवर्ड तूच दिला होतास म्हणून तुझ्या नावाने काहीही करायची मुभा त्याला मिळत नाही.

आता "घरी कळलं तर शिक्षण बंद". तुझ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ हीच आहे आणि ती त्या मुलाने बांधलेली नाही, आपण मोठ्यांनी बांधली आहे. मुलगी पणजीला शिकायला निघाली की आईवडील तिच्या फोनमध्ये लोकेशनचं अ‍ॅप टाकून देतात, भाऊ अधूनमधून फोन हातात घेऊन चॅट चाळतो, आणि सगळे म्हणतात, काळजी वाटते म्हणून. अशा घरातून आलेल्या मुलीला कोणी पासवर्ड मागितला की तिलाही ती काळजीच वाटते. कुठे थांबवायचं हे तिला कोणी शिकवलेलंच नसतं. वर काही झालं तर कॉलेज बंद, म्हणजे शिक्षा तिलाच. त्या मुलाच्या हातात तुझे फोटो आहेत हे खरं, पण त्याचा खरा जोर तुला घरच्यांची वाटणारी भीती हाच आहे. आईवडील हे वाचत असतील तर माझं एवढं ऐका. आपल्या मुलीला आजच सांगून ठेवा की कधीही, कसलीही भानगड झाली तरी कॉलेज सुटणार नाही. हे भानगड झाल्यावर सांगून उपयोग नाही.

तू मात्र घरच्या सगळ्यांना एकदम सांगायला जाऊ नकोस. एकच माणूस निवड. मावशी, काकी, लग्न झालेली मामेबहीण, जी ऐकून घेईल आणि लगेच तुझ्या बाबांना फोन करणार नाही अशी. तिला फोटोंसकट सांग. अर्धं सांगितलंस तर उरलेलं अर्धं त्याच्या हातात राहतं, आणि तो ते तिलाही सांगायची धमकी देईल.

"माझ्या हातून काय होईल ते मलाच माहीत नाही" हे वाक्य मी परत परत वाचलं. मोठं बेमालूम वाक्य आहे. त्याचा अर्थ फोटो पसरवीन असाही होतो, जिवाचं बरंवाईट करून घेईन असाही होतो, आणि विचारलं तर मी असं काही म्हटलंच नाही असंही सांगता येतं. तू दोन्ही अर्थांनी घाबरतेस, म्हणून दोन्हींची सोय वेगवेगळी करायला हवी. तो जीव देण्याचं बोलला तर धावत त्याच्याकडे जाऊ नकोस. त्याच्या घरच्याला किंवा जवळच्या मित्राला त्याच क्षणी कळव, तातडीचं वाटलं तर 112 लाव. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालतो, तो त्यालाही पाठव. त्याला मदत मिळावी एवढं तू नक्की बघ. पण त्याची मदत तूच व्हायचं, तेही पासवर्ड देऊन, हे तुझ्याने व्हायचं नाही आणि त्यात त्याचंही भलं नाही.

फोटोंचं. पाठवलेस, झालं. त्यावरून स्वतःला कोसत बसायला आत्ता वेळ नाही. संहितेच्या कलम 77 मध्ये मुद्दाम स्पष्टीकरण दिलेलं आहे: स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर ते पसरवणं गुन्हाच. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66ई, 67 आणि 67ए ही कलमं आहेत. ही कलमं कागदावरच राहतात असं समजू नकोस. 2018 मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयाने मैत्रिणीचं खासगी चित्रण नेटवर टाकणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती.

फोटो पसरण्याआधीच करता येण्यासारखं एक काम आहे. स्टॉप-एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, 2021 मध्ये सुरू झालेली. तुझ्याजवळ ते फोटो अजून असतील तर तिथे जाऊन तू त्यांचा एक अंकी ठसा तयार करतेस. फोटो तुझ्या फोनमधून कुठेही जात नाही, फक्त तो ठसा जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारा फोटो आला तर अडवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने दुसऱ्याला पाठवलेलं मात्र यातून अडत नाही. ही सेवा अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे. त्याहून लहान असलेल्या वाचकांसाठी टेक इट डाऊन नावाची तशीच सेवा आहे, आणि त्यांनी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावावी. कुठे फोटो दिसलाच तर त्या अ‍ॅपमध्ये स्वतः तक्रार कर. अशी खासगी चित्रं तक्रारीनंतर ठराविक मुदतीत काढणं 2021 च्या नियमांपासून कंपन्यांवर बंधनकारक आहे. तेव्हा ती मुदत 24 तासांची घातली होती. आणि धमकीच्या बदल्यात आणखी एक फोटो, थोडे पैसे, एक भेट, यातलं काहीही देऊ नकोस.

आता क्रम. आधीची तयारी तुझ्या फोनवर करू नकोस; खोलीतल्या मैत्रिणीच्या फोनवर कर, तिच्यावर भरवसा नसेल तर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. तिथे एक नवा ईमेल उघड, ज्याचा पासवर्ड वाढदिवस, गावाचं नाव, देवाचं नाव यातला काहीच नसेल. मग पुरावे गोळा कर. इथे एक मेख आहे. तू तुझ्या फोनवर स्क्रीनशॉट काढलेस आणि गूगल फोटोजचा बॅकअप चालू असला, तर ते सगळे त्या जुन्या जीमेलमध्ये जाऊन बसतील, म्हणजे थेट त्याच्यासमोर. म्हणून मैत्रिणीच्या फोनच्या कॅमेऱ्याने तुझ्या स्क्रीनचे फोटो काढ. तारीख, वेळ, त्याचा नंबर दिसायला हवा. मिस्ड कॉलची यादी, ते हातून-काय-होईलचं वाक्य, ग्रूपमधून बाहेर पडल्याची ओळ, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये दिसणारा त्याचा लॅपटॉप. चुलतभावाच्या फोनमधली ती नोंदही मिळाली तर बरी. चॅट एकही पुसू नकोस. तुला लाज वाटणारा भाग आहे म्हणून तोच आधी पुसावासा वाटेल, तोही ठेव.

यानंतर दरवाजे बंद करायचा दिवस ठरव. शुक्रवारची रात्र नको, शनिवारची बस तर नकोच. कॉलेज चालू असेल असा मधला वार धर, मैत्रीण बरोबर असेल अशी वेळ. कारण पासवर्ड बदलताच त्याच्या लॅपटॉपवरचं सगळं बंद होईल आणि काही मिनिटांत त्याला कळेल. सुरुवात जीमेलपासून. बाकी सगळ्या खात्यांचे नवे पासवर्ड शेवटी त्याच मेलवर येतात, आणि त्या खात्यावरून तुझा फोन कुठे आहे तेही नकाशावर दिसतं. तू लाईव्ह लोकेशन बंद करून बसलीस तरी. पासवर्ड बदल, रिकव्हरीचा नंबर आणि मेल कोणाचा आहे ते बघ, त्याचा असला तर काढ, बाकीची सगळी उपकरणं बाहेर काढ. मग इन्स्टा, तसंच. मग व्हॉट्सअ‍ॅप: लिंक्ड डिव्हाइसेसमधून त्याचा लॅपटॉप लॉग आउट आणि सहा आकडी टू-स्टेप पिन. मग गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग आणि स्नॅपचॅट वापरत असशील तर त्याचा नकाशा. शेवटी फोनचं लॉक. फिंगरप्रिंटच्या यादीत जास्तीचं बोट आहे का तेही बघ. प्रेमाच्या भरात असं एखादं बोट नोंदवलं जातं आणि मग कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे झालं की एकच मेसेज. कारणं नकोत, माफी नको, "तू चांगला आहेस पण" नको. असा: "आपलं नातं मी आज थांबवते आहे. यापुढे मला, माझ्या मैत्रिणींना किंवा घरच्यांना फोन-मेसेज करू नकोस." स्पष्ट नकार लेखी असला की त्यापुढचा त्याचा प्रत्येक फोन कलम 78 च्या खात्यात जातो. त्यानंतर उत्तर देऊ नकोस. सुरुवातीचे काही दिवस त्याचं चॅट म्यूट करून आर्काइव्हमध्ये ठेव आणि मैत्रिणीला वाचू दे. धमकी आली तर ती नोंदली जायला हवी. मग ब्लॉक कर.

तो "शेवटचं एकदा भेट, मिरामारला ये, पाच मिनिटं" म्हणेल. जाऊ नकोस. दोना पावलाला नको, कॅन्टीनमध्ये नको, फोटो तुझ्यासमोर डिलीट करतो म्हणाला तरी नको. त्याची दुसरी कॉपी नाही याची खात्री कोणाला देता येते?

खोलीतल्या मैत्रिणीलाही तो फोन करणार. तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घे: "याबद्दल मी बोलणार नाही." तू कुठे आहेस, जेवलीस का, रडतेस का, कशाचंही उत्तर तिने द्यायचं नाही. पुढचे दोन-तीन शनिवार बसला कोणाला तरी सोबत घे.

तक्रार करायची की नाही ते तू ठरवायचं आहेस. मला विचारशील तर कर, आणि सुरुवात कॉलेजपासून कर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं सक्तीचं केलंय. विद्यार्थ्याने विद्यार्थिनीला दिलेला लैंगिक स्वरूपाचा त्रासही तिच्या कक्षेत येतो, आणि तसल्या फोटोंची टांगती तलवार त्यातच मोडते. तक्रार लेखी द्यायची, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तुझं नाव गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. समितीतल्या मॅडमचं नाव नोटीस बोर्डावर असायला हवं. नसेल तर प्राचार्यांच्या ऑफिसात विचार, तुझं म्हणून नव्हे, मैत्रिणीसाठी म्हणून विचारलंस तरी चालेल.

फोटो पसरवायची उघड धमकी आली, किंवा नकारानंतरही तो थांबला नाही, तर पोलीस. सायबर गुन्ह्यांचं ठाणं रायबंदरला आहे, पणजीहून जुने गोव्याकडे जाणाऱ्या बसने पोचता येतं. तिथे जायला जमलं नाही तर कुठल्याही पोलीस ठाण्यात सांगता येतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवावा लागतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी नाव न सांगताही तक्रार करता येते, पण तुझ्या बाबतीत नावानिशी केलेलीच पुढे सरकेल. 1930 हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुला 181 ही महिला हेल्पलाइन जास्त उपयोगी.

ठाण्यावर जाताना एकटी जाऊ नकोस, मावशी किंवा मैत्रीण बरोबर असू दे. ज्या फोनवर मूळ मेसेज आहेत तो फोन ने, काढलेल्या फोटोंच्या प्रिंट तारखेप्रमाणे लावून ने, घडलेलं एका कागदावर आधीच लिहून ने. तोंडाने सांगताना मधलं विसरायला होतं. चार्जर घे, कारण बराच वेळ बसावं लागेल. आणि एफआयआर नोंदवला की त्याची प्रत मागून घे. ती फुकट द्यावी लागते.